इंजिन एकाचे, शिव्या दुसऱ्याला

विमानकंपन्यांविषयी पुण्यात प्रत्येकाचे मत ठाम असते, आणि ते बहुधा तीन गोष्टींवर बेतलेले असते: विमान किती उशिरा सुटले, बॅग पट्ट्यावर यायला किती वेळ लागला आणि काउंटरवरचा माणूस किती तुसडेपणाने बोलला. या तिन्ही तक्रारी रास्त आहेत. इंजिनात बिघाड होऊन विमान परतले की मात्र त्याच रागाच्या भरात आपण बिघाडाचाही निवाडा करून टाकतो, आणि तिथे हमखास गल्लत होते.

गेल्या पावसाळ्यात माझे दाजी दिल्लीला निघाले होते. लोहगावहून उड्डाण होऊन जेमतेम काही मिनिटे झाली असतील, तोच उजवीकडून सुतळी बॉम्ब फुटावा तसे लागोपाठ दोन-तीन आवाज झाले, विमान थरथरले आणि खिडकीजवळच्या प्रवाशांना इंजिनाच्या मागून ज्वाळेचा झोत दिसला. काही वेळाने विमान पुण्यातच सुखरूप उतरले. पुढचे काही तास टर्मिनलमध्ये प्रवाशांचा घोळका एका काउंटरभोवती उभा होता, आणि तिथल्या मुलीला ‘तांत्रिक कारण’ या दोन शब्दांपलीकडे काहीही सांगण्यात आलेले नव्हते.

“इंजिन पेटलं होतं, पेटलं! मी परत त्या कंपनीचं तोंड बघणार नाही,” दाजी दुसऱ्या दिवशी म्हणाले.

“पण दाजी, उतरवलं ना त्यांनी नीट?”

“उतरवलं. नंतर सांगितलं काय आम्हाला? काही नाही.”

त्यांच्या पहिल्या वाक्यावर माझा आक्षेप होता, शेवटच्यावर अजिबात नव्हता.

त्यांनी जे पाहिले त्याला वैमानिक ‘सर्ज’ म्हणतात. इंजिनाच्या पुढच्या भागातला कॉम्प्रेसर हवा दाबत दाबत मागच्या ज्वलनकक्षाकडे ढकलत असतो. पक्षी आत गेल्याने किंवा पाते खराब झाल्याने हा प्रवाह मोडला, की दाबलेली तप्त हवा क्षणभर उलटी पुढे येते, मोठा आवाज होतो आणि न जळालेले इंधन बाहेर पेटताना दिसते. दृश्य भयंकर असते, पण इंजिनाला आग लागली असाच त्याचा अर्थ नसतो. दोन इंजिनांचे प्रवासी विमान प्रमाणित करतानाच अशी अट असते, की धावपट्टीवर निर्णयाचा वेग, म्हणजे ज्यापुढे थांबणे सुरक्षित नसते तो वेग, ओलांडल्यावर एक इंजिन गेले तरी दुसऱ्याच्या बळावर त्याला उड्डाण करून वर चढता आले पाहिजे, आणि वैमानिक सिम्युलेटरमध्ये नेमका हाच प्रसंग पुनःपुन्हा घोटवत असतात. परतण्याआधी विमानाने घिरट्या घातल्या म्हणजे वैमानिक गोंधळला असेही नाही. तो बहुधा तपासणी-यादी पूर्ण करत असतो, आणि एअरबस ए-३२० सारख्या विमानाला हवेत इंधन सोडून देण्याची सोय नसल्यामुळे उतरण्याआधी वजन कमी करायचे तर ते इंधन जाळूनच करावे लागते.

शिवाय इंजिन विमानकंपनीने बनवलेले नसते. गो फर्स्ट या विमानकंपनीने २ मे २०२३ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा प्रॅट अँड व्हिटनीची इंजिने निकामी होत असल्यामुळे आणि बदली इंजिने मिळत नसल्यामुळे ताफ्यातली जवळपास निम्मी विमाने जमिनीवर आहेत, असे कारण दिले होते. इंजिन बनवणाऱ्या कंपनीने अर्थातच ते मान्य केले नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये या इंजिनांच्या काही फिरत्या तबकड्या ज्या धातूच्या भुकटीपासून घडवल्या होत्या तिच्यातच दोष राहिल्याचे जाहीर झाले, आणि जगभर इंजिने उतरवून तपासावी लागली. इंडिगोचीही डझनावारी विमाने त्यापायी उभी राहिली. याचा अर्थ विमानकंपनी सोवळी ठरते असा नाही, कारण कोणते इंजिन घ्यायचे हे तीच ठरवते आणि वेळच्या वेळी तपासणी करणे हेही तिचेच काम असते. पण ते काम किती चोख झाले हे आसन क्रमांक १४-एफ वरून दिसत नाही.

विमानतळाच्या बाबतीत तर शिव्या नेमक्या कोणाला द्याव्यात हेच कळेनासे होते. पुण्याचे टर्मिनल विमानतळ प्राधिकरणाचे, धावपट्टी आणि हवाई नियंत्रण हवाई दलाचे, सुरक्षा तपासणी सीआयएसएफची आणि बॅगांची जबाबदारी विमानकंपनीची. जुलै २०२४ मध्ये नवे टर्मिनल सुरू झाल्यावर आतली दाटी कमी झाली खरी, पण वापरायची धावपट्टी तीच एक राहिली आणि तिच्यावर लढाऊ विमानांचा हक्क आधीचा. आपल्याला आकाशात ताटकळत ठेवणारा आणि टॅक्सीसाठी बॅगा ओढत एरोमॉल या पार्किंगच्या इमारतीपर्यंत चालायला लावणारा हे एकच असल्याच्या थाटात आपण बोलतो. पक्ष्यांचेही तसेच आहे. विमानतळाच्या भिंतीबाहेर उघड्यावर कचरा पडला की त्यावर घारी जमणारच, आणि तो कचरा टाकणारे आपण विमान कंपनीला एक तारा देऊन मोकळे होतो.

मग प्रवाशाने मत बनवायचे तरी कशावरून? माझ्या मते क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमानकंपनीच्या ४ नोव्हेंबर २०१० च्या ‘क्वांटास ३२’ या उड्डाणाकडे त्यासाठी पाहावे. सिंगापूरहून सिडनीला निघालेल्या या ए-३८० विमानात ४६९ माणसे होती. रोल्स-रॉइसच्या ट्रेंट ९०० इंजिनातील तेलाच्या एका आखूड नळीचे आतले छिद्र घडवताना मध्यभागी न पडल्यामुळे तिची एक बाजू पातळ राहिली होती. तिला चीर गेली, तेल गळून पेटले आणि टर्बाइनची तबकडी फुटली. एखादे पाते तुटले तर त्याला अडवण्याइतके इंजिनाचे कवच मजबूत असावे लागते, तबकडीला मात्र ते अडवू शकत नाही. तुकडे पंख फोडून गेले, काही खाली बाटम बेटावर पडले, आणि कॉकपिटमध्ये इशाऱ्यांची रांग लागली. विमान सिंगापूरला परत उतरले, पण तारा तुटल्यामुळे आणखी एक इंजिन बंदच होईना, म्हणून अग्निशमन दलाला त्यात कितीतरी वेळ फेस आणि पाणी मारावे लागले. कोणालाही इजा झाली नाही. नंतर कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी टर्मिनलमध्ये प्रवाशांसमोर उभे राहिले, काय घडले आणि पुढे काय होईल ते त्यांनी समजावून सांगितले, आणि शंका राहिल्यास विचारावे म्हणून स्वतःचा मोबाइल क्रमांकही दिला. दोष इंजिन बनवणाऱ्यांच्या कारखान्यातला होता, तरी लोकांसमोर जायला कंपनीचा माणूस कचरला नाही. त्या प्रवाशांनी क्वांटासला किती तारे द्यायचे ते याच तासाभरावरून ठरवले असते, तरी मला ते योग्यच वाटले असते.

दाजींच्या कंपनीने हा तास वाया घालवला. म्हणून त्यांनी एअरसेवा या सरकारी तक्रार-संकेतस्थळावर टाकायला लिहून आणलेल्या तक्रारीतले इंजिनाविषयीचे दोन्ही परिच्छेद मी त्यांना काढायला लावले. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर झाला तर खाणेपिणे द्यावे, आणि उशीर सहा तासांच्या पुढे जाणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत यांतला पर्याय द्यावा, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. बिघाड हाताबाहेरचा होता असे म्हणून नुकसानभरपाई टाळता येईलही, पण चहा-नाश्ता द्यायला आणि तोंड उघडून चार वाक्ये बोलायला कोणते इंजिन आडवे येते? दाजी कुरकुरले, कारण ज्वाळेचे वर्णन त्यांनी फार मन लावून लिहिले होते. शेवटी तक्रारीत दोनच मुद्दे उरले: खायला काही मिळाले नाही, आणि कारण सांगितले गेले नाही.

काही आठवड्यांनी कंपनीचे उत्तर आले. दिलगिरीच्या ठरावीक मजकुराखाली एका ओळीत लिहिले होते, की उजव्या इंजिनाला पक्षी धडकला होता.