टायरची आतली कड

पंक्चर काढायला चाक खोललं म्हणून कळलं. बाहेरून बघावं तर नक्षी अजून वर्षभर सहज चालेल अशी, आणि आतल्या कडेला दोन बोटं रुंदीचा पट्टा पार गोटा. एका जागी रबर जाऊन तारा उघड्या पडल्या होत्या. दुसरं पुढचं चाक काढलं, तेही तसंच. टायर घालून १६ हजार किलोमीटरही झाले नव्हते. याच टायरवर आठवड्यापूर्वी आईबाबांना तुळजापूरला नेऊन आणलं होतं. ते आठवलं आणि हात गार पडले.

माझी शाळा विजापूर रोडला, मंद्रूपच्या पुढं. जुळे सोलापुरातून येऊन-जाऊन रोज ५० किलोमीटर. गाळपाच्या हंगामात उसाच्या जोडट्रॉल्या समोरून आल्या की डावी चाकं साइडपट्टीवर उतरवावीच लागतात, आणि डांबराच्या कडेवरून परत वर चढताना दणका बसतोच.

गाडी एका बाजूला ओढत नाही, म्हणजे अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, ठीक, असं मी धरून चालले होते. ते चूक होतं. दोन्ही पुढची चाकं समोरच्या टोकाला सारखीच बाहेर फाकली असतील तर डावी-उजवी ओढ एकमेकींना मारते. स्टेअरिंग सरळ राहतं आणि टायर आतून झिजत जातो. चाकांच्या या कोनाला टो म्हणतात, आणि असं बाहेर फाकण्याला टो-आउट.

मुख्य म्हणजे चारच महिन्यांपूर्वी मी पैसे मोजून अलाइनमेंट करून घेतली होती. पंधरा मिनिटांत हिरव्या आकड्यांचा कागद हातात. गाडी जॅकवर उचलून चाक हलवून कुणीच बघितलं नव्हतं. त्याचा मला अजून राग आहे.

अक्कलकोट रोडच्या फिटर अण्णांनी मशीनला हातच लावला नाही. म्हणाले, "मॅडम, आधी ढिलाई काढू, मग आकडा बघू." चाक अधांतरी करून दोन्ही बाजूंनी धरलं आणि डावीकडे-उजवीकडे हलवलं. टक्, टक्. टाय रॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा, गेलेला. वर-खाली हलवल्यावर आवाज नाही, म्हणजे बेअरिंग आणि खालचा बॉल जॉइंट शाबूत. टाय रॉड एंडच ढिला असेल तर मशीनवर लावलेला आकडा पहिल्याच खड्ड्यात हलतो. तो बदलला, चारी चाकांत हवा सारखी केली, मग गाडी मशीनवर. टो एकूण ४ मिलिमीटर बाहेर. स्टेअरिंग मधोमध बांधून त्यांनी लॉक नट सैल केले आणि दोन्ही टाय रॉड थोडे थोडे फिरवत आकडा जागेवर आणला. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, मर्यादेत होता. बरं झालं, कारण माझ्या गाडीत तो कंपनीकडून बदलता येण्यासारखा दिलेलाच नाही.

मी गणिताची बाई, घरी येऊन हिशोब मांडला. १४ इंची रिमवर एकूण ४ मिलिमीटर, चाकामागे २, म्हणजे प्रत्येक चाक किलोमीटरमागे साडेपाच मीटर आडवं घासटत जातं. रोजच्या ५० किलोमीटरला पावणेतीनशे मीटर! टायर टिकणार कसा?

बाबांनी तीस वर्षं यंत्रमागावर काढली. कापडातला दोष ते डोळ्यांआधी तळव्याने ओळखतात. टायरही तसाच तपासायचा, पण आधी तारा वर आल्या नाहीत ना ते बघून. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की आतली कड दिसते. नक्षीवरून आडवा हात फिरवायचा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवल्यावर करवतीसारखं टोचलं, तर टो बिघडलाय. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. आणि कृपा करून मे महिन्यात "टायर फुटेल" म्हणून हवा कमी करू नका. कमी हवेने टायर जास्त वाकतो, जास्त तापतो. सकाळी टायर थंड असताना दाराच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच हवा भरा.

नव्या टायरवर ४ हजार किलोमीटर झालेत. रविवारी बाबा स्वतः पार्किंगमध्ये उतरले, चष्मा न लावता दोन्ही दिशांनी हात फिरवला आणि म्हणाले, "सारखं आहे."