चार तास बस, सव्वा तास गाणी: एका छोट्या गिगचा वृत्तांत

सहा वर्षं हेडफोनवर ऐकलेला बँड परवा पहिल्यांदा समोर पाहिला. चौघंच जण आहेत. पाठीशी मोठी कंपनी नाही, गाणी स्वतःच रेकॉर्ड करतात, दौरेही स्वतःच आखतात. आमच्याकडे ते कधी येतील याचा भरवसा नव्हता, म्हणून मीच चार तास बसने गेले, रात्री मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी परतले. असं पहिल्यांदाच कुणी निघणार असेल तर उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

तिकिटावर सातची वेळ होती. ती दारं उघडण्याची वेळ असते. आधी ओपनिंग बँड वाजवतो, मग सामानाची हलवाहलव होते, वायरी बदलतात. आमचे चौघे स्टेजवर आले तेव्हा नऊ वाजून गेले होते. त्यामुळे शेवटच्या गाडीने परतायचा बेत ठेवू नका. वन्स मोअरच्या वेळी घड्याळाकडे बघावं लागलं तर एवढा प्रवास कशासाठी केला? हॉलपासून चालत जाता येईल अशी खोली आधीच घेऊन ठेवा.

पण पोचायचं मात्र सातलाच. ओपनिंगला तिघी मुली होत्या, नावही ऐकलं नव्हतं. हॉलमध्ये जेमतेम पंचवीस माणसं. त्यांनी पहिल्या गाण्यापासून मला धरून ठेवलं. मुख्य बँडचा ड्रमर प्रेक्षकांत उभा राहून त्यांचं सगळं वाजवणं ऐकत होता, हे पाहून फार बरं वाटलं.

आता उभं कुठे राहायचं ते. मी आधी अगदी पुढे गेले. गिटारवरची बोटं दिसत होती, पण शब्द एक कळेना. छोट्या हॉलमध्ये ड्रमचा आणि गिटारच्या अँपचा (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीचा) आवाज थेट स्टेजवरूनच येतो, गाणाऱ्याचा आवाज मात्र बाजूच्या मोठ्या स्पीकरांतून. स्टेजला चिकटून उभं राहिलं की ते स्पीकर आपल्याला ओलांडून मागच्या लोकांशी बोलत असतात. त्यात गिटारच्या अँपच्या बरोबर समोर सापडलात तर त्याचा तीक्ष्ण आवाज झोतासारखा अंगावर येतो. अगदी मागे भिंतीला टेकलं तर बेस साचून घुमतो. म्हणून मुख्य बँडच्या वेळी मी मिक्सरच्या, म्हणजे साउंड इंजिनिअर जिथून आवाज जुळवतो त्या टेबलाच्या, थोडी पुढे, मधोमध जागा धरली. साउंड इंजिनिअर स्वतःच्या कानांनी जे ऐकतो त्यावरच सगळं जुळवतो, तेव्हा त्याच्या जवळ उभं राहणं केव्हाही शहाणपणाचं. तरीही पहिली दोन गाणी गढूळ वाटली. साउंडचेक, म्हणजे आवाजाची आधीची चाचणी, रिकाम्या हॉलमध्ये झालेला असतो. गर्दी आली की माणसांची अंगं आणि कपडे वरच्या पट्टीतला आवाज शोषून घेतात आणि इंजिनिअरला सगळं पुन्हा बसवावं लागतं. तिसऱ्या गाण्याला आवाज असा उघडला की सहा वर्षांत न ऐकू आलेली दुसऱ्या गिटारची एक बारीक ओळ मला तिथे सापडली.

इअरप्लग विसरू नका, ही कळकळीची विनंती. कामाच्या जागी 85 डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत चालतो, असा कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचा हिशेब आहे. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा ठिकाणांसाठी सुचवलेली कमाल सरासरीही 100 डेसिबलचीच आहे आणि आमचा कार्यक्रम सव्वा तास चालला. फोमचे प्लग स्वस्त असतात. बोटांनी बारीक वळून, कान वर-मागे ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. त्यांत वरचे स्वर जास्त दबतात. वारंवार जाणार असाल तर संगीतासाठीचे फिल्टरवाले घ्या, त्यांत आवाज कमी होतो पण गाण्याचा रंग बदलत नाही. एका जुन्या गिगनंतर माझे कान दोन दिवस वाजत होते. ती भीती मी अजून विसरलेले नाही.

फोटो एखादा काढा, मग फोन खिशात.

मर्चच्या, म्हणजे बँडच्या वस्तू विकायच्या, टेबलावर नक्की थांबा. स्ट्रीमिंगमधून अशा बँडच्या हाती फार थोडं येतं. दौऱ्याचा खर्च बरेचदा टीशर्ट आणि रेकॉर्डच्या विक्रीवरच भागतो. काही हॉल त्यातूनही वाटा घेतात. सोबत रोख ठेवा आणि रेकॉर्ड घेणार असाल तर पुठ्ठा घातलेली सपाट पिशवी न्या, बसमध्ये वाकत नाही. टेबलामागे बेस वाजवणारी स्वतःच उभी होती. त्या गिटारच्या ओळीबद्दल मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ती ओळ रेकॉर्डवरही आहे, फक्त फार खाली ठेवली आहे. खोलीवर येऊन ते गाणं तीनदा लावलं आणि तिसऱ्यांदा ती सापडली.

त्या तिघींचा स्वतःचा कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे. तिकीट काढलं आहे.