मेंढा-लेखा: जंगल राखणारे गाव

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मला मात्र त्याहूनही मोलाची वाटते ती गावाची जुनी रीत: ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाही, सर्वांचे एकमत होईपर्यंत चर्चा चालू राहते. ही रीत वेळखाऊ आहे खरी, पण जो नियम प्रत्येकाने स्वतः मान्य केला आहे, तो मोडायला सहसा कोणी धजावत नाही. पोळे न जाळता, माशा न मारता मध काढण्याची पद्धतही गावाने अभ्यासातून आत्मसात केली. हक्क मिळूनही बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडले, ही दिरंगाई आजही खटकते.