आदल्या रात्रीचं आमंत्रण

कुटुंबाचा मेळावा ठरला की घरातली वडीलधारी मंडळी आधी बॅनर छापायला टाकतात आणि लगेच "आजकालची पोरं येतच नाहीत हो" अशी तक्रार सुरू करतात. मेळाव्याला महिना असतो. पोरांनी अजून नाही म्हटलेलं नसतं, कित्येकांना तर कळलेलंही नसतं. पण तक्रार तयार असते.

ते बॅनर एकदा नीट बघावं. वर तुळजाभवानी. दोन्ही बाजूंना अंडाकृती चौकटीत दिवंगत मंडळी. त्याखाली हयात मंडळी, मानाप्रमाणे लहान लहान होत जाणारी. सगळ्यात खाली, मंगल कार्यालयाच्या पत्त्याच्या जरा वर, पोराबाळांचा एक घोळक्यातला फोटो, तोही कुणाच्या तरी बारशातला. ज्यांनी यावं म्हणून एवढा जीव काढायचा, त्यांची जागा ही. मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, प्रत्येक शाखेचा परिचय. माइक एकदा आमच्या थोरल्या दिरांच्या, म्हणजे पोरांच्या आप्पांच्या हातात गेला की जेवणाच्या पंगतीपर्यंत तो कुणाला मिळत नाही.

त्यातल्या त्यात 'गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार' ही फार घातक गोष्ट. पोरांना प्रोत्साहन म्हणून आपण ती ठेवतो. चौघांना पेन आणि प्रमाणपत्र मिळतं, फोटो निघतो. आणि बासष्ट टक्केवाला जो भिंतीला टेकून टाळ्या वाजवत असतो, त्याला पुढच्या वर्षी नेमका ताप येतो. त्याच्या आईलाही येतो.

आमच्या लातुरात तर न येण्याचं कारण शोधायलाही लागत नाही. "यंदा त्याचं नीटचं वर्ष आहे" म्हटलं, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचं, की विषय संपला. समोरचा माणूस आवाज खाली आणतो, जणू घरात कुणी आजारी आहे. दहावी झाली की अकरावी-बारावी, मग नीट, मग एखादं रिपीटचं वर्ष. पोरगं या सगळ्यातून बाहेर पडतं तोवर त्याला आत्याची मुलं ओळखू येत नाहीत, आणि मग ते पुण्याला नाहीतर हैदराबादला निघून जातं.

बरं, आलंच, तर त्याच्या वाट्याला काय येतं? एक ओळखपरेड. कुणीतरी दोन्ही खांदे धरून समोर उभं राहतं आणि म्हणतं, "वळखलास का मला? सांग बरं मी कोण!" याला बरोबर उत्तर नसतं. ओळखलं नाही तर "बघा, विसरला." ओळखलं म्हणून "काका" म्हटलं तर ते नेमके मामा निघतात. आमच्या घरात नावं कुणाला माहीतच नाहीत. उदगीरची आत्या, नांदेडवाले काका, बँकेतले मामा असाच हिशेब. बँकेतले मामा निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, तरी ते बँकेतच आहेत. ही परेड संपते न संपते तोच पगार, आणि पगारानंतर लग्न. माझ्या एका पुतणीने मला स्पष्ट सांगितलं, "काकू, मला माणसांचा कंटाळा नाही. मला मुलाखतीचा कंटाळा आहे."

आता गंमत अशी की आमच्याकडे दुसराही एक मेळावा आहे. त्याला बॅनर नाही, माइक नाही, कुणी त्याला मेळावा म्हणतही नाही. तो म्हणजे येळवस. पंचांगातली मार्गशीर्षातली अमावास्या, वेळ अमावस्या. मराठवाड्यात ती सगळीकडे नसते. लातूर-धाराशिवकडे आणि कर्नाटकाच्या कडेकडेने तिचा जोर. त्या दिवशी जिल्ह्याला स्थानिक सुट्टी असते, आणि नसती तरी फरक पडला नसता. दुपारी लातूरच्या रस्त्यांवर कुत्रंसुद्धा दिसत नाही. सगळं शहर शेतात. ज्याला शेत नाही त्याला दहा आमंत्रणं. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात.

शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप, म्हणजे छोटी खोपी, करायची, वरून शाल पांघरायची, आत चुन्यानं रंगवलेले दगडाचे पाच पांडव मांडायचे. पूजा झाली की अंबील शिंपत 'ओलगे ओलगे'ची आरोळी देत रानाला फेरी मारायची. बाजरीचे उंडे, भज्जी, अंबील, खीर. संध्याकाळी दूध उतू घालायचं आणि ते कुठल्या बाजूला सांडतं यावरून पुढचं साल कुठं पिकेल याची चर्चा करायची. पेटलेली पेंढी घेऊन रानाभोवती पळायला मात्र पोरांनाच सांगतात, कारण आप्पांचे गुडघे.

तरी येळवशीलाही आमच्याकडची पोरं मधे काही वर्षं यायची बंद झाली होती. आलीच तर गाडीतून अकराला उतरायची, जेवायची, कोपीसमोर फोटो काढायची आणि चारला निघायची. पाहुण्यासारखी. आम्ही बोलत राहिलो, ती ऐकत राहिली, फरक शून्य.

फरक पडला तो माझ्या धाकट्या जावेमुळे, आणि तिच्या डोक्यात पोरांना गोळा करणं वगैरे काही नव्हतं. तिची पाठ दुखत होती. येळवशीच्या आदल्या रात्री आमच्याकडच्या बायका झोपत नाहीत. पुरुष त्याचं कौतुकानं वर्णन करतात आणि झोपतात. भज्जी म्हणजे गंमत नसते. तुरीच्या ओल्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, वाटाणा, वाल, सगळं सोलायचं, मेथी, पात, आंबट चुका निवडायचा, मिरची-लसूण वाटायचं, आणि ते सगळं बेसनात शिजवताना हात थांबवायचा नाही. शंभर माणसांची भज्जी म्हणजे पोत्यानं शेंगा. जावेनं जाहीर केलं, "यंदा सोलायला माणसं असतील तर भज्जी. नाहीतर पिठलं." पिठल्याची येळवस म्हटल्यावर आप्पा हादरले. त्यांनी स्वतः फोन करून सगळ्या पोरांना सांगितलं, "आदल्या दिवशी या. काम आहे." कार्यक्रम आहे असं ते एरवी दर वर्षी सांगत. काम आहे असं पहिल्यांदाच सांगितलं. आणि पोरं आली. सगळी नाही, पण पडवी भरेल इतकी.

ती पडवी पत्र्याची आहे. पूर्वी जाड दगडी भिंतींचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, होतं. भूकंपानंतर कुणाची त्याखाली झोपायची छाती होईना, म्हणून उतरवलं. तर त्या पत्र्याखाली मधोमध शेंगांचा ढीग आणि भोवती पोरं. पहिला अर्धा तास सगळे फोनसकट बसले होते. कुणी काही बोललं नाही, फोन ठेवा म्हणून कुणी सांगितलं नाही. पण हिरवा घाटा सोलताना बोटांना आंब लागते, आणि तुरीच्या शेंगेचा चिकटा वेगळाच. पंधरा-वीस घाटे सोलून झाले की बोटं खारट-आंबट, काळपट आणि चिकट होतात. फोन ते बोट ओळखत नाही. दोनदा पुसून पाहतात, तिसऱ्यांदा फोन खिशात जातो. या कामी आम्ही इतकी वर्षं भाषणं खर्च केली, आणि हरभऱ्याने अर्ध्या तासात जमवलं.

मग गप्पा सुरू झाल्या. तोंडाकडे न बघता बोलता येतं ना, नजर शेंगेवर असते! नीटमध्ये दोनदा हुकलेला पुतण्या आणि नोकरी सोडून घरी बसलेला भाचा यांचं त्या ढिगापाशी काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण ते बराच वेळ चाललं. मुलाखतीत ते बाहेर आलं नसतं.

आणि माय बोलायला लागली. माय म्हणजे माझ्या सासूबाई. मंगल कार्यालयात तिच्या हातात माइक दिला होता तेव्हा "समद्यायनी सुखानं ऱ्हावा" एवढं बोलून तिनं तो परत केला होता. इथं शेंगा सोलता सोलता तिचं सुटलं ते थांबेना. तिच्याकडे तारखा नसतात. रझाकाराचं साल, दुष्काळाचं साल, भूकंपाचं साल, अशी तिची दिनदर्शिका. शाळेत पोरांनी 17 सप्टेंबर 1948 पाठ केलेलं असतं, मुक्तिसंग्राम दिनाला झेंड्यासमोर उभं राहून. पण त्या साली आपली आजी तिच्या आईच्या काखेत होती आणि अख्खं घर रातोरात बैलगाडीतून दुसऱ्या गावाला गेलं, हे त्यांनी ऐकलेलंच नव्हतं. 1972 च्या दुष्काळात तिनं खडी फोडली. "सुकडी खाऊन दिवस काढले बाबा, आन् ती लाल मिलो." (मिलो म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी.)

"माय, सुकडी म्हणजे काय गं?" हैदराबादेत वाढलेल्या नातवाचा प्रश्न.

"कामावर वाटायचे सरकारवाले. ग्वाड लागायची. तुझ्या बापानं माझ्या वाटची बी खाल्ली."

बाप म्हणजे आप्पा, कोपऱ्यात पडल्या पडल्या घोरल्याचं सोंग करत होते. पडवीभर जो हशा पिकला, तो सोंग मोडेस्तोवर.

30 सप्टेंबर 1993 वर मात्र ती फार बोलली नाही. विसर्जनाची रात्र होती, माणसं नुकती आडवी झाली होती, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारी आमच्याच तालुक्यात. "तवापासून म्या पाळण्यात लेकरू निजवताना वर बघते," एवढंच ती म्हणाली आणि शेंगांचं दुसरं पोतं सोडायला सांगितलं.

पुतणीने हे सगळं ध्वनिमुद्रित केलंय. (अर्थात नाकाच्या शेंड्याने बटण दाबून.) त्यातून ती आता वंशावळ लिहिते आहे. तिच्या वंशावळीत बायकांची माहेरची गावंही आहेत, जी आप्पांनी मंगल कार्यालयात वाटलेल्या छापील वंशावळीत नव्हती. त्यात आम्ही सुना 'सौ.' या एका अक्षरात मावलो होतो.

मला वाटतं आपण आमंत्रणच चुकीच्या वेळेचं देतो. मंडप घातला, पानं वाढली, आता या, असं म्हटलं की येणारा पाहुणा होतो, आणि पाहुण्याला घड्याळ दिसतं. भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांचंच घ्या. आमच्या चुली वेगळ्या झाल्या तरी लक्ष्म्या थोरल्या घरीच बसतात. पूजेच्या दिवशी पोरी कंटाळतात, पण आदल्या संध्याकाळी साड्यांच्या निऱ्या बसेनात म्हणून दोन तास भांडतात, त्याला हौसेनं हजर असतात.

सगळं सुरळीत झालंय असंही नाही. तारखेचा घोळ दर वर्षीचा. 2024 साली येळवस दोनदा आली, 11 जानेवारीला आणि 30 डिसेंबरला. डिसेंबरची सोमवारी होती, शनिवार-रविवार जोडून मिळाले, पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. पण जानेवारीतली गुरुवारी! पोरांचं म्हणणं, रविवारी करू. आप्पांचं म्हणणं, "अमावस्या काय तुमच्या कंपनीला इचारून येती का?" दोघांचंही खरं होतं. शेवटी एक पुतण्या बाभळीखाली लॅपटॉप उघडून बसला. ऐन मीटिंगमध्ये मागून आरोळी गेली. पलीकडच्या साहेबानं विचारलं, हा कसला आवाज? पोरगं चाचरत सांगायला लागलं, तर साहेब बीदरचा निघाला. तिकडेही हा सण असतो. मीटिंग वीस मिनिटं भज्जीवर चालली म्हणे.

बायकांचं कामही पुरतं हलकं झालेलं नाही. मुलगे सोलतात, उंडे वळतात (क्रिकेटच्या चेंडूएवढे, तो भाग वेगळा), पण पहाटे चुलीपुढे बसायची वेळ आली की एकेकाला झोप अनावर होते. माझी जाऊ आता पिठल्याची धमकी दर वर्षी देते. हत्यार लागू पडलंय म्हटल्यावर कोण सोडतंय.

आणि एक नवाच प्रकार. रात्री अकरानंतर पोरं आम्हालाच उठवून लावतात. "काकू, तुम्ही झोपा ना, आम्ही बघतो." मी दोनदा पाणी न्यायचं निमित्त करून जाऊन आले. दोन्ही वेळेला पडवीत एकदम शांतता.

यंदाची अडचण कडब्याची आहे. आमच्या भागात जिकडे तिकडे सोयाबीन झालं, ज्वारी कमी झाली, आमच्या रानात तर पेरलीच नाही. कोपीला पेंढ्या आणायच्या कुठून? पोरांच्या ग्रुपवर हे काम एका पुतण्याने अंगावर घेतलं आणि सगळ्यांनी अंगठे दाखवले. परवा त्याने थोरल्यांच्या ग्रुपवर विचारलं, "कडबा ऑनलाइन मिळतो का?" त्या ग्रुपवर आप्पा आजवर गुड मॉर्निंगचे गुलाब सोडून काही टाकत नसत. त्यांनी पहिल्यांदाच हातानं टाइप करून उत्तर दिलं. "गाढवा फोन कर."

त्याने केला. अर्धा तास बोलत होते. आता दोघं मिळून शनिवारी कडबा बघायला जाणार आहेत, आणि आप्पांनी मला विचारलंय की पोरगं मागे बसवून मोटारसायकल चालवू देईल का.