जुन्या झेनचं मऊ ब्रेक पेडल: दोष शोधताना आलेला अनुभव

आमच्या घरी 1998 ची मारुती झेन आहे, बाबांची. वाई ते पाचगणी अशा त्यांच्या फेऱ्या चालू असतात, म्हणजे पसरणी घाट चढणं-उतरणं आलंच. त्यामुळे "ब्रेक जरा मऊ लागतोय रे" असं ते म्हणाले तेव्हा ते कानाआड करणं शक्यच नव्हतं.

आधी एका गॅरेजमध्ये गाडी दिली. त्यांनी चारही चाकांच्या ब्रेक लाइनमध्ये अडकलेली हवा काढली, ब्रेक ऑइल भरलं, पेडल छान वर आलं. थोड्याच दिवसांत पुन्हा तीच तक्रार. मग लायनर (ब्रेकचे घासणारे पट्टे) बदला म्हणाले, त्यानंतर बूस्टरवर, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागावर, संशय घेतला. हा बूस्टरचा मुद्दा मला अजिबात पटला नाही. बूस्टर गेला की पेडल कडक होतं, पायाला जास्त जोर लावावा लागतो. मऊ होत नाही. तरी खात्री करून घेतली. इंजिन बंद ठेवून पेडल काही वेळा मारलं, मग पाय दाबून धरून इंजिन चालू केलं. पेडल थोडं खाली सरकलं. म्हणजे बूस्टर ठीक होता.

त्यानंतर गाडी आमच्या ओळखीच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पाना हातात घेण्याआधी बाबांना विचारलं, "साहेब, नेमकं कधी होतं? घाटात गरम झाल्यावर, की सकाळी गाडी काढल्या काढल्या?" हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट 3 दर्जाचं ऑइल नवं असताना 205 अंश सेल्सियसच्या खाली उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर ही मर्यादा 140 पर्यंत उतरू शकते. लांब उतारावर ते उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, पेडल खाली जातं आणि गाडी थंड झाली की परत येतं. आमची तक्रार तशी नव्हती. थंड गाडीतही, विशेषतः चौकात हळू ब्रेक धरून थांबलं की, पेडल पायाखालून हळूहळू सरकत जायचं.

इंजिन बंद ठेवून आम्ही पेडल नीट तपासलं. लाइनमध्ये हवा असेल तर ते स्पंजासारखं दबतं आणि भराभर मारलं की वर येऊन घट्ट होतं. मागच्या ड्रमचे लायनर झिजून अंतर वाढलं असेल तर पहिला दाब खोल जातो, लगेचचा दुसरा वर लागतो, पण लागतो तो घट्ट. आमचं पेडल वरच लागत होतं, घट्टही होतं. फक्त पाय तसाच धरून ठेवला की खाली बसत होतं. दाब कुठून तरी निसटत होता.

बाहेर गळती आहे का ते आधी पाहिलं. ड्रम काढून व्हील सिलेंडरचे (चाकातल्या लायनरना ढकलणाऱ्या सिलेंडरचे) रबरी बूट उचलले, पुढच्या डिस्क ब्रेकचे कॅलिपर पाहिले, लाइनच्या जोडांवर बोट फिरवलं, मास्टर सिलेंडर (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा मुख्य सिलेंडर) बूस्टरला जिथे बसतो तिथे मागून ओल आहे का तेही बघितलं. सगळं कोरडं. ब्रेक ऑइलच्या टाकीवर तेलाच्या पातळीची खूण करून ठेवली होती, तीही हलली नाही. आता शंका उरली ती मास्टर सिलेंडरच्या आतल्या रबरांवर. तिथे पिस्टनवरच्या रबराच्या, म्हणजे सीलच्या, कडेवरून ऑइल मागे सरकतं आणि परत टाकीत जातं, म्हणून बाहेर थेंबही दिसत नाही.

मिस्त्रींनी तेव्हा जे दाखवलं ते प्रत्येक जुन्या गाडीवाल्याने करून बघावं असं मला मनापासून वाटतं. पेडल जोरात मारलं तर ते घट्ट थांबत होतं. अगदी हलका, सावकाश दाब दिला की मात्र बसत जायचं. जोराचा दाब आला की ऑइलच सीलची कड भिंतीवर दाबतं आणि ती बंद होते. हलक्या दाबाला झिजलेली कड तेवढी चिकटत नाही. गॅरेजमध्ये सहसा जोरात ब्रेक मारूनच बघतात, त्यामुळे हा दोष निसटतो. मग त्यांनी सिलेंडरच्या लाइन सोडवून तोंडं बोल्टने बंद केली. ऑइलला चाकांकडे जायला वाटच नाही, म्हणजे पेडल दगडासारखं थांबायला हवं होतं. ते तरीही खाली बसलं. निदान पक्कं झालं.

सिलेंडर उघडल्यावर आत गंजाचे बारीक खड्डे दिसले, पिस्टनच्या नेहमीच्या चालीच्या पलीकडच्या भागात. रोजच्या ब्रेकिंगला पिस्टन तिथपर्यंत जात नाही. हवा काढताना पेडल पार तळापर्यंत मारलं की सील त्या खरबरीत भागावरून घासतात. आमच्या सीलच्या कडा तशाच फाटल्या असाव्यात. जुन्या गाडीची हवा काढताना पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवावा, असं मिस्त्री म्हणाले. खड्डे असलेल्या सिलेंडरमध्ये नुसतं रबर किट टाकण्यात अर्थ नव्हता, म्हणून आख्खा सिलेंडर नवा घेतला.

तो आधी शिकंज्यात धरून, ऑइल भरून, बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन दाबून मगच बसवला. मग सगळ्यात लांबच्या, मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करून हवा काढली. चाकाजवळच्या हवा काढायच्या निपलमधून आलेलं जुनं ऑइल चहाच्या रंगाचं होतं. पूर्ण बदलून टाकलं आणि टाकीवर तारखेची पट्टी चिकटवली. बॉनेटवर सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुतलं, कारण ते रंग खातं.

आता हलक्या दाबालाही पेडल जागचं हलत नाही. पुढच्या डाव्या चाकाच्या होज पाइपवर मात्र बारीक भेगा दिसल्या आहेत. ब्रेक दाबल्यावर पाइप फुगत नाही, पण पावसाळ्याआधी पुढचे दोन्ही बदलून घेणार आहोत.