फोटोतलं मागचं

ई-पीक पाहणीची मुदत संपत आली की आमच्या गावात चांगल्या फोनवाल्याचा भाव एकदम वधारतो. ज्याच्या फोनला रेंज धरते आणि कॅमेरा बरा आहे, त्याला गाडीवर मागं बसवून लोक वावरावावरातून हिंडवतात, पऱ्हाटीचा, तुरीचा फोटो काढून घेतात आणि तो ॲपवर चढेपर्यंत धुऱ्यावर हात वर करून उभे राहतात. २०२१ च्या १५ ऑगस्टला हे सुरू झालं. त्याआधी पीक पाहायचं काम तलाठ्याचं होतं. आता आपलं पीक आपणच पाहायचं आणि सरकारला दाखवायचं.

त्या दुपारी असंच काम उरकून पोरं पारावर टेकली होती आणि वाद पेटला होता, सगळ्यात भारी कॅमेरा कोणाचा. एक म्हणे दोनशे मेगापिक्सेल. दुसरा म्हणे, मेगापिक्सेलनं काय होते बे, आयफोनची गोष्टच न्यारी. तिसऱ्याच्या फोनची काच तडकलेली. तो म्हणाला, "तुमचे दोघाचेबी फोटू चढले कोणाच्या फोननं?" खरं म्हणजे इथं वाद मिटायला हरकत नव्हती. मिटला नाही. मला कोणी काही विचारलं नाही, म्हणून इथं सांगतो.

मला एक खोड आहे. फोटो हातात आला की मी त्यातली माणसं सगळ्यात शेवटी बघतो. आधी मागचं बघतो. कोणाच्या ओसरीत काढलाय, खुंटीवर काय टांगलंय, कोनाड्यातला कंदील काचेसकट आहे की नुसता सांगाडा, कॅलेंडरचं पान कोणत्या महिन्याचं. साक्षगंधाचा फोटो दाखवायला कोणी आलं तरी माझी नजर मुलीच्या मागच्या कपाटावर. "अहो, पोरगी पाहा ना, कपाट काय पाहता," असं बायकोनं चारचौघांत सुनावून झालंय. पण माणसं काय, फोटोत एकाच तऱ्हेनं उभी असतात. पोट आत, मान ताठ. मागच्या वस्तूंना कोणी सांगितलेलं नसतं की फोटो काढताहेत.

ही खोड लागली थोरल्या काकांच्या क्लिक थ्रीमुळे. अगफाचा हा कॅमेरा बडोद्यात बनायचा आणि एके काळी आमच्याकडे जरा खाऊनपिऊन सुखी घर म्हणजे एक क्लिक थ्री, असा हिशोब होता. काळा ठोकळा. ऊन आहे की ढगाळ, एवढंच काय ते ठरवायचं. बाकी अक्कल चालवायला त्यानं जागाच ठेवली नव्हती. पाठीमागं एक लाल काचेची बारीक खिडकी. वरची चकती फिरवत न्यायची आणि खिडकीत पुढचा आकडा दिसला की थांबायचं. एका रोलवर बारा फोटो, चौकोनी.

बारा म्हणजे बारा. त्यामुळे काकांकडे फोटोचं बजेट असे. पोळ्याला एक, तान्ह्या पोळ्याला एक, कोणाचं लग्न निघालं तर चार, आणि एखादा कायम राखून, कारण घरात आजी होती. उगाच कोणी "माझा एक काढा ना" म्हटलं की काका लाल खिडकी त्याच्या तोंडासमोर धरून आकडा दाखवत. रोल संपायला महिनोन्‌महिने लागत. मग तो वर्ध्याला धुवायला जाई, आणि पोळ्याच्या फोटोत आपण कसे दिसतो ते संक्रांतीच्या सुमाराला कळे. तोवर शर्ट आखूड झालेला असे.

तान्हा पोळा मला अजून जसाच्या तसा दिसतो. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपार कलली की आम्ही आपापले लाकडी बैल ओढत मारुतीच्या देवळासमोर जमायचो. सिंदी रेल्वे या गावच्या तान्ह्या पोळ्यातले नंदी माणसापेक्षा उंच, आमचे हातभर. कोणाच्या बैलाला चाकं, कोणाच्या बैलाला चाकांची नुसती भोकं. काका उन्हाकडे पाठ करून उभे राहायचे, म्हणजे सगळं ऊन आमच्या डोळ्यांत. "हलायचं नाही!" असा दम. शटर सावकाश पडायचं. कोणी मान वळवली की त्याला दोन नाकं यायची. त्यामुळे आमच्या पिढीच्या लहानपणाचा प्रत्येक फोटो म्हणजे श्वास कोंडून, डोळे बारीक करून उभी राहिलेली पोरं. बघणाऱ्याला वाटावं, सगळ्यांना शिक्षा झालीय.

पण मागचं! देवळाच्या पायऱ्या, पायरीवर काढून ठेवलेल्या चपला, पलीकडे आमच्या गोठ्याचं दार, दारावरचं आंब्याचं तोरण, त्याच्याही मागं कडुनिंब, आणि कडुनिंबाला टेकवून ठेवलेलं वखर. सगळं लख्ख. त्याला कारण आहे. क्लिक थ्रीचं उजेड आत घेणारं छिद्र बारीक होतं आणि फोकस कारखान्यातूनच ठरवून आलेला. छिद्र बारीक असलं की साधारण दहा फुटांच्या पुढचं क्षितिजापर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. त्या ठोकळ्याला महत्त्वाचं काय न् बिनमहत्त्वाचं काय, हे कळायची सोयच नव्हती.

आमच्यापासून सेवाग्राम लांब नाही. पाहुणे आले की त्यांना घेऊन बापूकुटीला एक चक्कर होतेच. गांधीजी १९३६ साली तिथं राहायला आले. नात्यानं त्यांचे नातू लागणारे कनू गांधी आश्रमातच कामाला होते. कनूंना फोटोंची हौस, पण खिसा रिकामा. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलायफ्लेक्स आला. गांधीजींनी परवानगी दिली ती अटी घालून: फ्लॅश लावायचा नाही, मला पोज घ्यायला सांगायचं नाही, आणि आश्रमाकडून पैसे मागायचे नाहीत. ह्या तीन अटी आज आमच्या तालुक्यातल्या कोणत्याही फोटोग्राफरला घातल्या तर तो लग्नाची ऑर्डर सोडून जाईल.

रोलायफ्लेक्स म्हणजे जर्मन, दोन भिंगांचा, वरून खाली मान घालून पाहायचा. त्या काळातले नामांकित फोटोग्राफर त्याचं नाव काढलं की हळवे होत. पण मला गंमत वाटते ती वेगळीच. त्यात घालायचा रोल तोच, एकशेवीस नंबरचा, आणि फोटोही तेच: बारा, चौकोनी. जगभर नावाजलेला तो आणि काकांचा ठोकळा, दोघांचा शिधा एकच. कुटीत गेलं की मी मीराबेननं भिंतीवर मातीत उठवलेली ताडाची झाडं पाहत बसतो. पाहुणे म्हणतात, चला, चरखा पाहायचा राहिला.

आता माझा भाचा. तो लग्नाचे आणि लग्नाआधीचे फोटो काढतो, आणि चांगले काढतो, उगाच नावं ठेवणार नाही. मागच्या हंगामात त्यानं कर्ज काढून नवा कॅमेरा घेतला, सोबत एक पॉइंट आठचं, म्हणजे मोठ्या छिद्राचं भिंग. भिंगाची किंमत त्यानं मला सांगितली नाही, बहिणीला तर नाहीच नाही. शेजाऱ्याचं वावर ऐन फुटलं होतं, सगळी पऱ्हाटी पांढरीशुभ्र. तिथं एका जोडप्याला उभं करून त्यानं सायंकाळच्या उन्हात फोटो काढले. नवरी अशी की पापणीचा केसन् केस मोजावा. आणि मागं नुसते पांढरे, सोनेरी गोळे, धुक्यात तरंगल्यासारखे.

"मामा, बॅकग्राउंड कसं क्रीमी आलं पाहा!"

मी पाहिलं. वावराचा मालक माझ्या शेजारीच उभा होता. त्यानं फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"बाकी ठीक हाये," तो म्हणाला, "पण माह्यं वावर कुठी हाये यात?"

भाचा हसला. मी नाही हसलो. औंदाच्या कापसासाठी त्या माणसानं काय काय केलं ते मला माहीत होतं, आणि फोटोत त्याचे झाले होते गोळे. मी तसं बोललो तर भाचा म्हणाला, "मामा, कॅमेऱ्याचा दोष नाही ना. एफ अकरावर, छिद्र बारीक ठेवलं का सगळं क्लिअर येते, वखराच्या तासापर्यंत."

"मग ठेव ना."

"कस्टमर त्याचे पैसे देत नाही."

म्हणजे पाहा. मागचं दिसावं यासाठी काही लागत नाही, साधं भोक पुरतं. ते दिसू नये यासाठी कर्ज काढावं लागतं.

फोनची तऱ्हा तर आणखी विचित्र. त्याच्या आतला उजेड टिपणारा तुकडा नखाएवढा, त्यामुळे त्याला जात्याच सगळं स्पष्ट दिसतं, अगदी काकांच्या ठोकळ्यासारखं. पण २०१६ च्या सुमाराला आयफोनात पोर्ट्रेट मोड आला आणि मग सगळ्याच कंपन्यांनी तो घेतला. त्यात फोन आधी मागचं नीट पाहतो, मग हिशोब करून ते पुसतो. हिशोब चुकतोही. यंदा पोळ्याला शेजारच्या पोरानं आपल्या बैलाचा फोटो काढला. बेगड लावलेली शिंगं, गोंडे, झूल, सगळा साज. फोनला डाव्या शिंगाचं टोक बैलाचं वाटलंच नाही; त्यानं ते मागच्या आभाळात कालवून टाकलं. पोरगा तोच फोटो स्टेटसला ठेवून मोकळा. बैल बिचारा एकशिंगी.

वाघाचं म्हणाल तर बोरला आणि ताडोब्याला जिप्सीतून हातभर लांब भिंगं फिरताना दिसतात. पण वाघांची मोजदाद करतात ते कॅमेरे झाडाला बांधलेले असतात, मागं माणूसच नसतो. समोरून काही हललं की फोटो. वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक, कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीवर नसतात. २०१८ च्या देशभरच्या गणनेत या कॅमेऱ्यांनी ३ कोटी ४८ लाखांवर फोटो काढले. त्यात वाघ होते ७६ हजार ६५१. बिबटे ५१ हजारांवर. उरलेले सगळे फोटो वाघ-बिबट्यांव्यतिरिक्त जे जे समोरून हललं त्याचे. मला कोणी तो ढीग दिला तर मी वाघ बाजूला ठेवून उरलेले पाहत बसेन.

पण पारावरच्या पोरांना सांगायचं होतं ते हे नाही.

आमच्याकडे एक सालदार होता, वर्षाच्या बोलीवरचा गडी. पाडव्याला साल ठरायचं, आणि दर पाडव्याला त्याचंच ठरायचं, इतकी वर्षं की मला तो घरातलाच वाटे. तो वारला तेव्हा मी शहरात नोकरीला होतो. चौदावीच्या आधी त्याचा मुलगा आमच्या घरी आला. हार घालायला फोटो हवा होता आणि त्यांच्याकडे एकही नव्हता. रेशनकार्डावरचा शिक्क्याखाली गेलेला. "भाऊ, तुमच्या काकाजीजवळ कॅमेरा होता ना. बाबा कुठी आला असंन त्यात?"

सगळे अल्बम काढले. समोर उभा राहिलेला तो एकाही फोटोत नव्हता. त्याला कोण समोर उभं करणार? बारातला एक त्याच्यावर कोण खर्चणार? सापडला तो तान्ह्या पोळ्याच्या फोटोत. आम्ही पोरं डोळे बारीक करून पुढं, आणि मागं गोठ्याच्या दारात तो, तोरणाखाली, खांद्यावर दोर, आमच्याकडे बघत हसत असलेला. चेहरा जोंधळ्याच्या दाण्याएवढा. पण नाक, डोळे, मिशी, सगळं होतं.

तालुक्याच्या स्टुडिओत आम्ही दोघं गेलो. तिथल्या पोरानं फोटो कॉम्प्युटरवर घेतला, दाणा मोठा केला, डाग पुसले आणि विचारलं, "मागचा गोठा ठेवू का निळं करू?"

ठेवा, असं मी म्हणणार होतो. माझ्या तोंडात आलंही होतं.

"निळं करा," मुलगा म्हणाला. "आन् कोट घालता येते ना? कोट घाला."

कोट घातला. कोटाचे पन्नास रुपये वेगळे पडले. मी द्यायला लागलो तर त्यानं माझा हात धरला आणि स्वतःच्या खिशातून काढून दिले.