ग्रीन कार्डाचं घोंगडं भिजत असताना भारतवारी

ऑक्टोबर २०२० च्या व्हिसा बुलेटिनमध्ये (ग्रीन कार्डाच्या रांगेत कुणाचा नंबर आला ते सांगणारं अमेरिकी सरकारचं मासिक पत्रक) ईबी-३ इंडियाच्या, म्हणजे नोकरीवरून ग्रीन कार्ड मागणाऱ्या भारतीयांच्या एका वर्गाच्या, फाइलिंगच्या तारखा एकदम जानेवारी २०१५ पर्यंत आल्या आणि न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत पुष्कळ मराठी मंडळींनी धडाधड आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डाचे अर्ज, टाकले. त्यातल्या बऱ्याच जणांचं कार्ड अजून यायचंच आहे. इकडे घोंगडं भिजत असलं तरी तिकडे भाचीचं लग्न, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, वास्तुशांत काही थांबत नाही. मग फोन येतो, "जाऊ का रे?"

माझं उत्तर असतं, जा. फक्त तिकीट काढायच्या आधी एवढं ठरव, की परत येताना इमिग्रेशनच्या काउंटरवर कुठला कागद पुढे करणार. विमान कुठून घ्यायचं, सुट्टी किती टाकायची, मुंबईत कॉन्सुलेटची पायरी चढायची की नाही, सगळं त्यावरून ठरतं.

आय-४८५ पेंडिंग असताना देशाबाहेर पाऊल टाकलं की अर्ज तुम्हीच सोडून दिला असं धरतात. यातून सुटायच्या वाटा दोन. पहिली नोकरीच्या एच-१बी, एल-१ आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-४, एल-२ व्हिसावाल्यांची (के-३, व्ही असे थोडे लोकही त्यात येतात): स्टेटस चालू, पासपोर्टवर चालू व्हिसा, आणि परत येणं त्याच स्टेटसवर. दुसरी वाट ॲडव्हान्स पॅरोलची, म्हणजे बाहेर जाऊन परत यायच्या आगाऊ परवानगीची; आपल्या बोलण्यातलं 'एपी'. एफ-१ (विद्यार्थी), बी-२ (पर्यटक), टीएन (कॅनडा-मेक्सिकोचे नोकरदार) यांना पहिली वाट नाहीच. ओ-१ (असामान्य गुणवत्तेचा व्हिसा) वाले इथे हमखास फसतात. ओ-१ वर राहून ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो, म्हणून प्रवासही चालेल असं त्यांना वाटतं. नाही चालत. त्यांना एपी लागतंच.

एपीसाठी फॉर्म आय-१३१. घरातल्या प्रत्येकाचा वेगळा, सहा वर्षांच्या मुलाचासुद्धा. आय-४८५ जर १ एप्रिल २०२४ च्या आधी फी भरून टाकला असेल, तर आय-१३१ ला फी नाही. नंतर टाकला असेल तर माणशी ६३० डॉलर. कागदी अर्जासोबत चेक जोडायची पद्धत ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस बंद झाली, आता कार्डाचा किंवा बँक खात्याचा फॉर्म भरून जोडायचा. आय-४८५ ची रिसीट, पासपोर्टची प्रत, २ बाय २ इंचाचे दोन फोटो.

एपी मंजूर होऊन हातात पडायच्या आत निघालात, तर आय-१३१ सोडून दिला म्हणून नाकारला जातो. एच-१बी वर परतणाऱ्याचा आय-४८५ त्याने मरत नाही, पण एपीची रांग परत पहिल्यापासून. 'तोवर येईलच, घरचे त्याचा फोटो काढून पाठवतील' हा हिशेब म्हणूनच साफ चुकीचा. मंजुरीला कित्येक महिने लागतात, तेव्हा लग्नाची तारीख निघायची वाट न बघता अर्ज आय-४८५ बरोबरच टाकून द्यावा. जुनं एपी चालू असताना नूतनीकरणाचा अर्ज टाकून गेलात आणि जुन्यावरच मुदतीत परतलात, तर अडचण नसते.

घरी कुणी अत्यवस्थ असेल तर तातडीचं एपी मिळतं. हे अर्ज हाताळणाऱ्या यूएससीआयएस खात्याच्या १-८००-३७५-५२८३ या क्रमांकावर फोन करून जवळच्या फील्ड ऑफिसची वेळ मागायची. भरलेला आय-१३१, लागू असेल ती फी, फोटो आणि हॉस्पिटलचं पत्र किंवा मृत्यूचा दाखला न्यायचा. दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचं सही केलेलं प्रमाणपत्र हवं. डॉक्टरांच्या पत्रात रुग्णाचं नाव, आजार, सध्याची अवस्था आणि तुमचं नातं स्पष्ट लिहून घ्या. नुसत्या 'अंडर ट्रीटमेंट'वर काम होत नाही.

निघायच्या आधी दोन गोष्टी बघायच्या. बायोमेट्रिक्सची (बोटांचे ठसे, फोटो द्यायची) तारीख मधे येत असेल तर ती चुकवू नका, ऑनलाइन खात्यातून आधीच बदलून घ्या. आणि पत्रपेटी कुणाच्या तरी हवाली करा. मेडिकलची किंवा नोकरीच्या पत्राची मागणी करणारी नोटीस आली तर उत्तराची मुदत नोटिशीच्या तारखेपासून चालू होते, तुम्ही कोकणात आहात याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

आता स्टँपिंग, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा लावून घेणं. पूर्वी मुंबईत बीकेसीतल्या कॉन्सुलेटची फेरी भारतवारीत सहज बसायची. २ सप्टेंबर २०२५ पासून एच-१बी वाल्यांना ड्रॉपबॉक्स, म्हणजे मुलाखतीशिवाय व्हिसा, बंद झाला. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ वाल्यांची सोशल मीडिया खाती तपासायला सुरुवात झाली आणि भारतातल्या कित्येकांच्या ठरलेल्या मुलाखती महिनोनमहिने पुढे गेल्या. त्यामुळे माझं मत सरळ आहे: पासपोर्टवरचा व्हिसा चालू असेल तर एच-१बी वर या. तो संपला असेल आणि एपी हातात असेल तर स्टँपिंगच्या वाटेला जाऊ नका. २२१(जी)ची, म्हणजे निर्णय लांबणीवर टाकल्याची, चिठ्ठी हातात पडली आणि पासपोर्ट तिकडेच राहिला, तर खिशातलं एपी काय कामाचं? व्हिसा नको म्हटल्याने एच-१बी हातचा जातो, असंही नाही. एपीवर आत येऊन त्याच एम्प्लॉयरकडे काम चालू ठेवता येतं, पुढचं एक्स्टेन्शनही मागता येतं. २००० सालापासून हेच धोरण आहे.

एपीवर येणाऱ्याने विमान शक्यतो थेट घ्यावं. मुंबईहून न्यूयॉर्क-नेवार्कला तशी विमानं आहेत. लंडनला किंवा युरोपातल्या काही विमानतळांवर भारतीय पासपोर्टला नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर सूट मिळते, पण एपीचा कागद त्या यादीत बसत नाही. जाताना कुणी अडवलं नाही म्हणून येताना अडवणार नाहीत असं नसतं, कारण मधल्या काळात व्हिसा संपलेला असू शकतो. दुबई, दोहामार्गे आलात आणि विमानतळाबाहेर पडला नाहीत तर ही कटकट नाही.

मुंबईला टी-२ वर चेक-इनसाठी तासभर जास्तीचा धरा. काउंटरवरची मुलगी पासपोर्टची पानं उलटते, संपलेला व्हिसा बघते आणि मान हलवते. वाद घालायचा नाही. एपीचा मूळ कागद पुढे करायचा, त्यावरची मुदत दाखवायची आणि सुपरवायझरला बोलवायला सांगायचं. त्या कागदाचा नंबर आय-५१२एल. ईएडी (काम करायच्या परवानगीचं) कार्डच एपीचं काम करत असेल, तर त्यावर 'सर्व्हज ॲज आय-५१२ ॲडव्हान्स पॅरोल' ही ओळ छापलेली असते, तिच्यावर बोट ठेवायचं. एअरलाइनला असा प्रवासी चालतो, फक्त कर्मचाऱ्याने तो रोज पाहिलेला नसतो. झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो मात्र चालणार नाही.

अमेरिकेत उतरल्यावर एपीवाल्याला बहुतेक वेळा आतल्या खोलीत, सेकंडरीत, पाठवतात. घाबरायचं कारण नाही, तिथली ती रीतच आहे. तिथे फोन वापरू देत नाहीत, म्हणून न्यायला आलेल्यांना आधीच कळवून ठेवा. पुढची डोमेस्टिक फ्लाइट असेल तर मधे चार तास तरी सोडा. विचारतात तेही मोजकंच: अर्ज कशावरून, कुठे काम करता, किती दिवस बाहेर होता. आय-४८५ ची रिसीट, आय-१४० ची (कंपनीने तुमच्यासाठी केलेल्या अर्जाची) मंजुरी, कंपनीचं ताजं पत्र आणि शेवटच्या तीन पे-स्लिप वरच ठेवा. एपी म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. जुनी अटक, कोर्टाची केस किंवा स्टेटसमध्ये मोठा खंड असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय देश सोडू नये.

शेवटी आय-९४, म्हणजे प्रवेशाची आणि राहायच्या मुदतीची नोंद. दोन दिवसांनी सीबीपीच्या (सीमेवर तपासणी करणाऱ्या खात्याच्या) वेबसाइटवर तो उतरवून घ्या. एपीवर आलात तर वर्ग बहुधा 'डीए' दिसेल आणि मुदत साधारण एक वर्षाची. ती मुदत संपली म्हणून पेंडिंग आय-४८५ संपत नाही. एच-१बी वर आलात तर मुदतीची तारीख एच-१बी च्या मंजुरीच्या नोटिशीशी, म्हणजे आय-७९७ शी, ताडून पाहा. पासपोर्ट आधी संपत असेल तर अधिकारी आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतो, आणि कित्येकांना ते लक्षातच येत नाही. म्हणून पासपोर्टला दीड-दोन वर्षंच उरली असतील तर निघायच्या आधी तो नवा करून घ्या. अधिकाऱ्याच्या हातून नोंद चुकली असेल, तर जवळच्या विमानतळावरच्या डिफर्ड इन्स्पेक्शन ऑफिसला कळवून ती दुरुस्त करून मिळते. त्याला फी नाही.